फ्युएल सेलची वीज सांभाळून कशी घ्यावी: पॉवर कंडिशनिंग आणि कंट्रोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनवर चालणाऱ्या पीईएम जातीच्या (मधे प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असलेल्या), १ ते ५ किलोवॉटच्या फ्युएल सेल यंत्रणा बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. पाठ्यपुस्तकात यालाच इंधनघट म्हणतात. कामाच्या ठिकाणी सगळे फ्युएल सेल किंवा नुसते ‘स्टॅक’ म्हणतात; स्टॅक म्हणजे एकापुढे एक रचून जोडलेले सेल. सगळे हिशोब एकाच उदाहरणावर आहेत: ४८ सेलचा, ३ किलोवॉटचा स्टॅक, ५४ व्होल्टच्या आसपासची डीसी बस (सगळे जिला जोडले जाते ती सामायिक वीजवाहिनी) आणि त्या बसवर १६ सेलची, ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. टेलिकॉमच्या बॅकअपला साधारण अशीच मांडणी असते. तुमचा स्टॅक वेगळा असला तर आकडे बदला. क्रम तोच राहील.

स्टॅकला लोड थेट जोडला तर काय बिघडते?

२५ अंश सेल्सिअसला एका सेलचे सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ व्होल्ट. प्रत्यक्षात लोड नसताना ०.९५ ते १ व्होल्ट मिळते आणि पूर्ण लोडवर ०.६५ च्या आसपास. म्हणजे आपला स्टॅक मोकळा असताना ४६ व्होल्ट दाखवतो आणि ९६ अँपिअर ओढले की ३१ व्होल्टवर येतो. इतक्या फरकावर कोणतेच उपकरण नीट चालत नाही.

ही घसरण सगळीकडे सारखी नसते. पहिल्या काही अँपिअरमध्ये व्होल्टेज झपकन पडते, कारण कॅथोडवरची (हवेकडच्या इलेक्ट्रोडवरची) ऑक्सिजनची रासायनिक क्रिया मुळातच संथ आहे. मग लांब सरळ उतार लागतो. तो मेम्ब्रेन आणि जोडांच्या रोधामुळे. शेवटी एक कडा येतो: हवा किंवा हायड्रोजन पोचण्याचा वेग करंटला पुरत नाही आणि व्होल्टेज कोसळते. थेट जोडलेला लोड तुम्हाला त्या कड्यावर कधी नेईल ते सांगता येत नाही. सगळी पॉवर कंडिशनिंग, म्हणजे स्टॅकची वीज लोडजोगी करणारी मांडणी, स्टॅकला त्या कड्यापासून लांब ठेवण्यासाठी आहे.

किती करंटला किती हायड्रोजन आणि किती हवा लागते?

प्रत्येक सेलमधून १ अँपिअर घ्यायचा तर मिनिटाला साधारण ७ मिलिलिटर हायड्रोजन आणि १६.६ मिलिलिटर हवा लागते (शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला). वजनात धरला तर हायड्रोजन ताशी ०.०३७६ ग्रॅम. हे आकडे फॅरडेच्या नियमातून येतात, कंपनी कोणतीही असो.

४८ सेल गुणिले ९६ अँपिअर म्हणजे ४,६०८. त्यावरून हायड्रोजन मिनिटाला ३२ लिटर, म्हणजे ताशी १७३ ग्रॅम. हवा किमान ७७ लिटर. पण तेवढीच दिली तर शेवटच्या सेलपर्यंत ऑक्सिजन उरत नाही, म्हणून दुप्पट, म्हणजे १५३ लिटर द्यायची. उष्णता २.८ किलोवॉट, जवळपास विजेइतकीच. पाणी ताशी दीड लिटरच्या वर. हे चार आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. यंत्रणा बिनसली की पहिला प्रश्न यांच्यातल्याच कुठल्यातरी आकड्याचा असतो.

कन्व्हर्टर कोणता निवडायचा: बक, बूस्ट की दोन्ही?

बक व्होल्टेज उतरवतो, बूस्ट चढवतो. सेलची संख्या ठरली की हे आपोआप ठरते, म्हणून दोन्ही निर्णय एकत्र घ्या. ७० सेलचा स्टॅक घेतला तर तो ६६ पासून ४५ व्होल्टपर्यंत हलतो आणि ५४ व्होल्टची बस बरोबर मधे येते. मग चार स्विचांचा बक-बूस्ट लागतो आणि एका मोडमधून दुसऱ्यात जाताना कंट्रोलला नीट शिवण घालावी लागते. ४८ सेल घेतले तर स्टॅक कायम बसच्या खाली राहतो आणि साधा बूस्ट पुरतो. भाग कमी, कार्यक्षमता जास्त. आमचे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे स्टॅक आणि बस एकमेकांच्या पट्ट्यात येऊच देऊ नका.

बूस्टची एक उणीव मात्र लक्षात ठेवा. त्याच्या इनपुटकडून आउटपुटकडे इंडक्टर आणि डायोडचा रस्ता कायम उघडा असतो. बसवर शॉर्ट झाला किंवा बॅटरी फार खाली गेली तर स्विच बंद करूनही करंट थांबत नाही. म्हणून स्टॅक आणि कन्व्हर्टरच्या मधे डीसी रेटिंगचा कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) हवाच.

४०० व्होल्टची बस हवी असेल तर साध्या बूस्टचा नाद सोडा. ३१ वरून ४०० ला जायचे तर ड्युटी (स्विच चालू राहण्याच्या वेळेचा वाटा) ९२ टक्क्यांच्या वर जाते आणि सगळी कमाई तारांच्या आणि स्विचच्या रोधात जाते. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला करंट-फेड फुल ब्रिज घ्यावा. विलगीकरणही त्यातच मिळते.

इंडक्टर किती मोठा हवा? एक फेज पुरते का?

९६ अँपिअर एका इंडक्टरमधून नेता येतात, पण तो वीटभर होतो आणि तापतो. तीन फेज, म्हणजे तीन समांतर बूस्ट, करून त्यांचे स्विचिंग १२० अंशांनी सरकवा. प्रत्येक फेजला ३२ अँपिअर येतात. ड्युटी म्हणजे १ वजा ३१.२ भागिले ५४, अर्थात ०.४२. स्विचिंग ५० किलोहर्ट्झ धरले आणि इंडक्टर ३३ मायक्रोहेन्री घेतला तर प्रत्येक फेजचा रिपल (करंटचा हेलकावा) टोक-ते-टोक ८ अँपिअर येतो आणि शिखर ३६ ला जाते. इंडक्टर ५० अँपिअरपर्यंत सॅच्युरेट न होणारा घ्या, तोही गरम असतानाच्या आकड्यावर. फेराइटची क्षमता तापल्यावर घटते आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावर बहुधा २५ अंशांचाच आकडा असतो.

तीन फेजचे रिपल एकमेकांना बरेचसे खोडतात. या ड्युटीला स्टॅककडे पोचणारा एकत्र रिपल जेमतेम २.१ अँपिअर उरतो, म्हणजे सव्वादोन टक्के, आणि त्याची वारंवारता १५० किलोहर्ट्झ होते. स्टॅकजवळ थोडे फिल्म कपॅसिटर लावले की तोही दिसेनासा होतो.

प्रत्येक फेजचा करंट वेगळा मोजा. एकाच सेन्सरवर भागवले तर एक फेज ४० आणि दुसरी २४ घेत राहते आणि एकूण आकडा मात्र चोख ९६ दिसतो.

डायोडऐवजी मॉसफेट लावून तोटा वाचवावा का?

वाचवा, पण मॉसफेट (ट्रान्झिस्टर जातीचा स्विच) उलटाही वाहतो हे विसरू नका. कमी लोडवर इंडक्टरचा करंट शून्याखाली गेला की बस स्टॅकला वीज ढकलू लागते आणि फ्युएल सेल उलट्या करंटसाठी बनलेला नाही. फेजचा करंट ३ ते ४ अँपिअरच्या खाली गेला की डायोडच्या जागचा मॉसफेट बंद ठेवून त्याच्या अंगच्या बॉडी डायोडवर चालवा. कंट्रोलरचा सॉफ्टवेअर अडकला तर? त्यासाठी स्टॅकच्या तारेत आयडियल डायोड कंट्रोलर वेगळा ठेवावा. तो काही मायक्रोसेकंदांत उलटा प्रवाह तोडतो.

सिंगल फेज इन्व्हर्टर लावल्यावर स्टॅकचा करंट का थरथरतो?

५० हर्ट्झच्या सिंगल फेज लोडला वीज सरळ धारेने जात नाही. ती सेकंदाला १०० वेळा शून्यापासून सरासरीच्या दुपटीपर्यंत हेलकावते. मधे साठवण नसेल तर हेच हेलकावे स्टॅकपर्यंत पोचतात: सरासरी ९६ अँपिअर, पण शिखर १९० ला शिवायला धावते. ब्लोअर मात्र ९६ चीच हवा देत असतो. मीटरवर सगळे ठीक दिसते आणि स्टॅक आतून उपाशी राहतो. ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, ४०० व्होल्टच्या बाजूला पुरेसा कपॅसिटर. सूत्र सोपे आहे: शक्ती भागिले (३१४ गुणिले बस व्होल्टेज गुणिले चालेल तेवढा व्होल्टेज रिपल). ३ किलोवॉट, ४०० व्होल्ट, टोक-ते-टोक २० व्होल्ट रिपल धरला तर १,२०० मायक्रोफॅरड. त्यातून १०० हर्ट्झचा ५.३ अँपिअर करंट सतत वाहणार, तेव्हा कपॅसिटरचे रिपल रेटिंग आणि तापमान बघून घ्या. हेच काम ५४ व्होल्टच्या बसवर २ व्होल्ट रिपलमध्ये करायला गेलात तर ८८,००० मायक्रोफॅरड लागतील. म्हणून कपॅसिटर उंच व्होल्टेजकडेच ठेवावा.

दुसरा उपाय कंट्रोलमध्ये. नुसता कपॅसिटर वाढवून भागत नाही, कारण कन्व्हर्टरचा व्होल्टेज लूप (बसचे व्होल्टेज जागेवर ठेवणारा कंट्रोल) चपळ असेल तर तो बसचा प्रत्येक हेलकावा भरून काढायला स्टॅककडे हात पसरतो. व्होल्टेज लूपची बँडविड्थ (प्रतिसादाचा वेग) १० हर्ट्झच्या आसपास ठेवा, आतला करंट लूप मात्र वेगवान राहू द्या. बस थोडी हलली तरी चालेल, स्टॅक हलू नये. १०० हर्ट्झचा करंट रिपल सरासरीच्या ५ टक्क्यांच्या आत आला की समाधान माना. थ्री फेज संतुलित लोडला ही कटकट नाही.

लोड अचानक वाढला की स्टॅक बसतोच. ब्लोअर चांगला असूनही असे का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त स्टॅक यातच खराब होतात.

कन्व्हर्टर ठराविक शक्ती मागत असतो. स्टॅकचे व्होल्टेज थोडे पडले की तेवढीच शक्ती भरायला तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडते, मग आणखी करंट. शेवटच्या उतारावर पोचलात की हे चक्र अर्ध्या सेकंदात स्टॅक खाली आणते. त्यात ब्लोअर स्वतः याच स्टॅकवर चालतो: हवा वाढवायची तर त्यालाही जास्त वीज हवी, ती पुन्हा स्टॅकमधून.

यावर तोडगा एकच. कन्व्हर्टरला शक्तीचा आदेश देऊ नका, स्टॅकच्या करंटचा आदेश द्या, आणि त्या करंटची कमाल मर्यादा हवेने ठरवू द्या. क्रम असा:

१. लोडवरून हवा असलेला करंट ठरवा, समजा ९६.
२. ब्लोअरला लगेच ९६ अँपिअरची हवा मागा.
३. फ्लो सेन्सरवर खरोखर पोचलेली हवा मोजा. तिला प्रति सेल १६.६ मिलिलिटर, ४८ सेल आणि किमान स्टोइकिओमेट्री (लागणाऱ्या हवेच्या किती पट द्यायची तो आकडा) १.८ यांनी भागा. उत्तर येईल तो या क्षणाचा परवानगी असलेला करंट.
४. कन्व्हर्टरला मागणी आणि परवानगी यांतला लहान आकडा द्या, आणि त्यावरही सेकंदाला १० अँपिअरचा चढ ठेवा.
५. लोड उतरताना उलट: आधी करंट कमी, मग दोन-तीन सेकंदांनी हवा कमी.

चढताना आधी हवा मग करंट, उतरताना आधी करंट मग हवा. फ्लो सेन्सर नसेल तर ब्लोअरच्या फेऱ्यांवरून अंदाज घेता येतो, पण फिल्टर तुंबला की तो अंदाज खोटा ठरतो.

याखेरीज एक शेवटची कुंपणभिंत ठेवा. सर्वांत कमकुवत सेल ०.५० व्होल्टला आला की करंटची मर्यादा उतरवायला लागा, ०.३५ ला शून्यावर आणा, आणि ०.३० च्या खाली २०० मिलिसेकंद राहिला तर कॉन्टॅक्टर तोडा.

मग मधला तुटवडा कोण भरतो? बॅटरी की सुपरकपॅसिटर?

१० वरून ९६ अँपिअरला चढायला आपल्या नियमाने साडेआठ सेकंद लागतात. तेवढ्यात साधारण १० किलोज्यूल, म्हणजे ३ वॉट-तास उसने लागतात. बस ५४ वरून ४४ व्होल्टपर्यंत उतरू दिली तर २० फॅरडचा सुपरकपॅसिटर संच एवढे जेमतेम देतो.

पण बंद पडलेल्या स्टॅकला उठून पूर्ण लोड घ्यायला मिनिट-दीड मिनिट लागते. ९० सेकंद २.७ किलोवॉट म्हणजे ६७ वॉट-तास. इथे सुपरकपॅसिटर पुरत नाही, बॅटरीच हवी. आपली बॅटरी २.५ किलोवॉट-तासांची आहे, २.७ किलोवॉटला ५३ अँपिअर, तिच्या क्षमतेच्या एक पटीहून जरासे जास्त. चालण्यासारखे आहे. इन्व्हर्टरवर मोटारी असतील तर दोन्ही ठेवणे शहाणपणाचे.

बॅटरी किती भरलेली ठेवायची आणि स्टॅक कधी बंद करायचा?

६० ते ७० टक्के. त्याहून भरली तर लोड उतरताना स्टॅकची वीज घ्यायला जागा उरत नाही. स्टॅकची मागणी ठरवताना लोडची मिनिटभराची सरासरी घ्या आणि बॅटरी ज्या प्रमाणात लक्ष्याच्या खाली असेल त्या प्रमाणात थोडी भर घाला. या जातीच्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या भागात जवळपास सपाट असते, त्यामुळे व्होल्टेज बघून चार्ज ओळखता येत नाही. अँपिअर-तास मोजावे लागतात आणि अधूनमधून पूर्ण भरून मोजणी दुरुस्त करावी लागते.

स्टॅक वारंवार चालू-बंद करू नका. बंद असताना ॲनोडमध्ये (हायड्रोजनच्या बाजूला) हवा शिरते. सुरू करताना हायड्रोजन एका टोकाकडून येतो आणि दुसऱ्या टोकाला अजून हवाच असते. त्या क्षणी समोरच्या कॅथोडच्या भागावर विद्युत विभव दीड व्होल्टपर्यंत चढतो आणि प्लॅटिनमला धरून ठेवणारा कार्बन अक्षरशः जळून जातो. एक सुरुवात थोडेच नुकसान करते. रोजच्या दहा सुरुवाती वर्षभरात अंगाशी येतात.

उलट, लोड नसताना नुसता चालू ठेवणेही वाईट. सेल ०.८५ व्होल्टच्या वर फार काळ राहिला तर प्लॅटिनम विरघळू लागते. किमान १० अँपिअर ओढत राहा आणि ते बॅटरीत टाका.

सुरू करण्याचा नेमका क्रम काय?

हायड्रोजन सेन्सर शून्य दाखवतो का आणि कॅबिनेटचा पंखा फिरतो का, हे आधी. मग बसचा प्रीचार्ज: ४,७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटर बँकला १० ओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून भरा. सुरुवातीचा करंट ५.४ अँपिअर, पाव सेकंदात काम होते. प्रीचार्ज वगळला तर बॅटरीचा मेन कॉन्टॅक्टर पहिल्या आठवड्यातच चिकटतो.

मग हायड्रोजन व्हॉल्व्ह उघडून दाब स्थिर होऊ द्या. व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून १० सेकंद दाब टिकतो का पाहा. टिकला तर उघडा, ॲनोड झटक्यात पर्ज करा (पर्ज व्हॉल्व्ह क्षणभर उघडून आतला वायू आणि पाणी बाहेर टाका), ब्लोअर सुरू करा. प्रत्येक सेल ०.९ व्होल्टच्या वर आला की स्टॅकचा कॉन्टॅक्टर लावा, पाच-दहा सेकंदांत १० अँपिअरवर या. सगळे सेल एकमेकांपासून ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर पुढे चढा.

आणि बंद करण्याचा?

इथे घाई नडते. करंट १० अँपिअरवर आणा, दोन मिनिटे तसाच चालवून आतले पाणी बाहेर काढा, मग कॉन्टॅक्टर तोडा. ब्लोअर बंद करा, पण हायड्रोजन चालू ठेवा. स्टॅकवर २२ ओहम, १०० वॉटचा ब्लीड रेझिस्टर लावा. पहिल्या क्षणी तो ९६ वॉट घेतो. कॅथोडमध्ये उरलेला ऑक्सिजन संपत जातो आणि व्होल्टेज उतरते. दर सेल ०.१ व्होल्टच्या खाली गेला की शेवटी हायड्रोजन बंद.

हायड्रोजन आधी बंद केला तर ज्या सेलचा हायड्रोजन सर्वांत आधी संपेल त्यातून बाकीचे सेल करंट ढकलतात आणि त्याचे व्होल्टेज उलटते. तो सेल मग हायड्रोजनऐवजी स्वतःचा कार्बन खातो. ऑक्सिजन आधी संपला तर मात्र फारसे बिघडत नाही. म्हणून हा क्रम उलटा करू नये, आणीबाणी सोडून. गळती झाली असेल तर अर्थातच हायड्रोजन सर्वांत आधी.

सेल व्होल्टेज मॉनिटरवर एक सेल मेलेला दिसतो. स्टॅक उघडायचा का?

थांबा, आधी शेजारचा सेल बघा. समजा १७ वा सेल ०.२१ व्होल्ट दाखवतो, १८ वा १.०९ आणि बाकी सगळे ०.६५. लोडवर कोणताही सेल १.०९ देऊच शकत नाही. दोघांची बेरीज मात्र १.३०, अगदी दोन निरोगी सेलची. म्हणजे सेल ठणठणीत आहेत आणि त्यांच्यामधली मोजणीची पिन सैल झाली आहे. पिन साफ करून दाबून बसवा. सगळ्या सेलची बेरीज स्टॅकच्या एकूण व्होल्टेजशी जुळते का हे सॉफ्टवेअरने सतत तपासत राहावे.

पहिला आणि शेवटचा सेल कायम थोडे खाली असतील तर तेही अनेकदा दुखणे नसते. टोकाच्या जाड प्लेटा उष्णता खेचतात, तिथे पाणी जास्त साचते.

व्होल्टेज पडते आहे. आत पाणी झाले की मेम्ब्रेन सुकला, कसे ओळखायचे?

पाणी साचले असेल तर काही मोजकेच सेल वेडेवाकडे उड्या मारतात आणि पर्ज केल्यावर सावरतात. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. सुकला असेल तर सगळे सेल मिळून हळूहळू उतरतात आणि पर्जने फरक पडत नाही. खात्री करायची तर कन्व्हर्टरकडूनच स्टॅकच्या करंटवर १ किलोहर्ट्झचा छोटासा, एक-दोन टक्क्यांचा हेलकावा चढवा आणि व्होल्टेजचा प्रतिसाद मोजा. रोध वाढलेला असेल तर मेम्ब्रेन सुकला. तसाच असेल तर पाणी.

पाण्यावर उपाय: पर्ज जास्त वेळा, हवा थोडी जास्त, स्टॅक दोन-तीन अंश गरम. सुकल्यावर बरोबर उलट, म्हणून निदान चुकले की औषधाने आजार वाढतो. पर्ज घड्याळावर न ठेवता करंटवर ठेवा: दर २,००० अँपिअर-सेकंदांना ०.३ सेकंद. पूर्ण लोडवर हे २१ सेकंदांनी येते. कमी लोडवर मात्र दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, कारण मेम्ब्रेनमधून झिरपणारा नायट्रोजन करंटची वाट बघत नाही.

सगळे सेल एकदम उतरले आणि रोधही वाढलेला नाही? मग हायड्रोजन तपासा. फ्युएल सेलच्या दर्जाच्या हायड्रोजनला ९९.९७ टक्के शुद्धता आणि कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या आत लागतो. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर या दर्जाचा असेलच असे नाही.

एक सिलिंडर किती वेळ जातो?

४७ लिटर पाण्याच्या क्षमतेचा, १५० बारला भरलेला सिलिंडर धरला तर आत साधारण ५५० ग्रॅम हायड्रोजन असतो. पर्जसकट ताशी १७६ ग्रॅमने पूर्ण लोडवर तीन तास. स्टॅक ३ किलोवॉट देतो. कन्व्हर्टरची ९५ टक्के कार्यक्षमता आणि ब्लोअर, पंखे, कंट्रोलरचे १५० वॉट वजा जाता लोडला २.७ किलोवॉट मिळतात. म्हणजे सिलिंडरमागे आठ युनिटांच्या थोडे वर. अर्ध्या लोडवर सेलचे व्होल्टेज चढते आणि हाच सिलिंडर दुपटीपेक्षा जास्त टिकतो.

शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल ना?

बॅटरीच्या बाजूचा उडेल. स्टॅकच्या बाजूचा उडेलच असे नाही. पहिला क्षणिक उसळा सोडला तर फ्युएल सेलचा शॉर्ट करंट त्याच्या नेहमीच्या करंटच्या थोड्याच पट असतो, कारण आतला वायू संपतो. १६० अँपिअरचा फ्यूज तेवढ्यावर आरामात बसून राहतो आणि तोवर सेल उलटतात. म्हणून स्टॅकच्या बाजूला अंडरव्होल्टेजवर तुटणारा कॉन्टॅक्टर लागतो, आणि तो रिलेच्या तारेने तुटला पाहिजे, सॉफ्टवेअरच्या मर्जीने नव्हे. हायड्रोजनचा व्हॉल्व्हही वीज गेली की आपोआप बंद होणारा आणि त्याच साखळीतला.

हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. सेन्सर छताशी लावा, १ टक्क्याला सगळे तोडा, आणि ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्टर वायूच्या कप्प्यात ठेवू नका, वर तर नाहीच.

अर्थिंग कसे करायचे?

टेलिकॉममध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो. बिनविलग (ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) बूस्टमध्ये स्टॅकची निगेटिव्ह आणि बसची निगेटिव्ह एकच, म्हणजे स्टॅकचे निगेटिव्ह टोक अर्थच्या ५४ व्होल्ट खाली. स्टॅकच्या प्लेटा आणि बोल्ट चासीपासून विलग आहेत का हे मेगरने (उंच व्होल्टेजच्या इन्सुलेशन मीटरने) नव्हे, साध्या मीटरने आणि पाण्यासकट तपासा. मेगरचे व्होल्टेज सेलना सोसत नाही. द्रवाने थंड होणाऱ्या स्टॅकमध्ये डीआयोनाइज्ड पाण्याची वाहकता ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत ठेवा. ती वाढली की गळती पाण्यातून होते आणि माणूस तारांमध्ये शोधत बसतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात हीच यंत्रणा चालेल का?

चालेल, पण पूर्ण क्षमतेने चालेल असे धरू नका. स्टॅक ६५ अंशांवर ठेवायचा आणि बाहेर ४५ असेल तर उष्णता काढायला २० अंशांचाच फरक हाताशी आहे. बाहेर २५ असते तेव्हा ४० असतो. त्याच २.८ किलोवॉटसाठी दुप्पट हवा फिरवावी लागते. रेडिएटर त्या हिशोबाने घ्या, नाहीतर तापमानाप्रमाणे करंटची मर्यादा आधीच उतरवा. कोरड्या हवेत मेम्ब्रेनही लवकर सुकतो.

मोटारीत, पाणबुडीत, अवकाशातही हेच नियम?

गाभा तोच. टोयोटाच्या २०१४ च्या मिराईमध्ये ३७० सेलचा ११४ किलोवॉटचा स्टॅक होता आणि चार फेजचा बूस्ट कन्व्हर्टर त्याला ६५० व्होल्टवर नेत असे. आपल्या तीन फेजच्या मांडणीचाच थोरला भाऊ. इस्रोने जानेवारी २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५८ च्या पोएम-३ मंचावर (रॉकेटच्या कक्षेत उरलेल्या शेवटच्या टप्प्यावर) १०० वॉट वर्गाची पीईएम यंत्रणा चालवून १८० वॉट घेतले. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक ॲसिडच्या फ्युएल सेलचा मार्ग धरला; त्या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. त्यात हायड्रोजन जागीच तयार होतो, त्यामुळे करंटची मर्यादा ऑक्सिजनइतकीच हायड्रोजन तयार होण्याच्या वेगानेही ठरते. सॉलिड ऑक्साइडचे सेल तापायलाच तास घेतात. त्यांना लोडच्या मागे धावायला लावूच नये.

दर महिन्याला काय तपासायचे?

स्टॅक क्वचित आधी जातो. आधी जातात ब्लोअर, पर्ज व्हॉल्व्ह, हवेचा फिल्टर आणि कॉन्टॅक्टर. फिल्टर हवेच्या आकड्यावर तपासा, रंगावर नव्हे: ब्लोअर त्याच फेऱ्यांवर पूर्वीपेक्षा १० टक्के कमी हवा देत असेल तर बदला. पर्जचा ‘टक’ आवाज कानाने ऐका आणि त्यानंतर दाब लगेच सावरतो का बघा. न सावरला तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे. महिन्यातून एकदा ५० अँपिअरवर, स्टॅक ६५ अंशांवर असताना, सगळ्या ४८ सेलचे व्होल्टेज लिहून ठेवा. करंट आणि तापमान दरवेळी तेच ठेवा, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलनाच होत नाही.